न मोजलेले १४ किलोमीटर

माझी भाची ॲपलाचियन ट्रेल चालायला निघाली आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगररांगांवरून, जॉर्जियापासून मेनपर्यंत, १४ राज्यांतून जाणारी साधारण ३,५०० किलोमीटरची पायवाट. पहिल्या दिवशी मी तिच्यासोबत गेले होते. परत आल्यापासून प्रत्येकाचा एकच प्रश्न, "तू किती चाललीस?" साडेपंधरा किलोमीटर, पण त्यातले ट्रेलमध्ये धरतात ते दीडच, हे खरं सांगितलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे ट्रेलवर फारसं नाहीच की!" हे ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

ही ट्रेल स्प्रिंगर माउंटनच्या माथ्यावर सुरू होते. उंची ३,७८२ फूट, आणि माथ्यावर गाडी जात नाही. चालायला सुरुवात करायची तर आधी चालत तिथवर पोचावं लागतं. बरेच जण वनखात्याच्या ४२ नंबरच्या कच्च्या रस्त्याने गाडीतून जातात. तिथल्या पार्किंगपासून माथा जेमतेम दीड किलोमीटर. पण हे पार्किंग ट्रेलवरच, माथ्याच्या उत्तरेला आहे. त्यामुळे आधी उलट दिशेने माथ्यावर जायचं आणि आल्या वाटेने परत फिरायचं. दुसरी वाट अमिकलोला धबधब्याच्या पायथ्यापासून निघते. ती सुमारे १४ किलोमीटर चढते. तिला अप्रोच ट्रेल म्हणतात आणि ट्रेलच्या लांबीत ती धरत नाहीत.

भाचीचंही गाडीनेच जायचं ठरलं होतं. "मावशी, ते मोजत नाहीत गं. उगाच कशाला पाय दमवायचे?" मी म्हटलं, तू पुढे कित्येक महिने चालणार आहेस, मला हा एकच दिवस मिळणार आहे. तो मला पायथ्यापासून हवा. ती ऐकली, याचा मला फार आनंद आहे.

पायथ्याशी सॅक तोलायला काटा आहे. तिची सॅक भरली १४ किलो. मग दगडी कमान, आणि थोड्या वेळाने पायऱ्या. ७२९ फुटांच्या धबधब्याच्या कडेने ६०४ पायऱ्या. वाऱ्याबरोबर तुषार अंगावर येत होते, कठडा बर्फासारखा गार होता. माझ्या पोटऱ्या भरून आल्या. तिला धाप लागली, पण तिचं सगळं लक्ष सॅककडे होतं. कमरेचा पट्टा सैल होता आणि सगळं वजन खांद्यावर येत होतं. पायऱ्या संपल्यावर आम्ही बसलो, पट्टा पुन्हा बांधला. पुढे निंबलविल गॅपला (गॅप म्हणजे आपली खिंड) तिने बूट काढला. उजव्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग उमटला होता. फोड अजून आलेला नव्हता. तिने मोजा उलटा करून झटकला, टाच कोरडी केली, चिकटपट्टी लावली, कडा अंगठ्याने दाबून दाबून बसवल्या. मी नुसती बघत होते. लहानपणी हिला बुटाची नाडी मी बांधून द्यायचे.

हे सगळं त्या "न मोजलेल्या" वाटेवर झालं. सॅक कशी बसते, टाच कुठे घासते, दम किती वेळात परत येतो, हे तिला तिथेच कळलं. आता कुणी म्हणेल की पहिल्याच दिवशी जड सॅक घेऊन एवढ्या पायऱ्या चढलं तर गुडघे बोलायला लागतील. बरोबर आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खुशाल गाडीने जावं, त्यात कमीपणा काही नाही. माझं म्हणणं फक्त "ते मोजत नाहीत" या शब्दांपुरतं आहे.

वाटभर झाडांवर निळ्या खुणा आहेत; मूळ ट्रेलच्या खुणा पांढऱ्या असतात. थंडी इतकी होती की ऱ्होडोडेंड्रॉनच्या सदाहरित झुडपांची पानं विडीसारखी वळून खाली लोंबत होती. बाकी रान निष्पर्ण. शेवटची चढण दमवते, आणि मग अचानक चढ संपतो. शिखर म्हणावं असं तिथे काही नाही. थोडी सपाटी, कातळ, झाडांमधून दिसणारे निळसर डोंगर. कातळात बसवलेला ब्राँझचा फलक, त्यावर पाठीवर सॅक घेतलेला वाटसरू. रानाची सोबत शोधणाऱ्यांसाठी ही पायवाट आहे, अशा अर्थाचे शब्द. आणि खडकावर रंगवलेली पहिली पांढरी खूण, दोन इंच रुंद, सहा इंच उंच. नोंदवही खडकातल्याच एका खणात ठेवलेली असते. भाचीने गार पडलेल्या बोटांनी तारीख लिहिली आणि पुढे लिहिलं, "धबधब्यापासून, मावशीसोबत."

आता मोजण्याबद्दल. ही सुरुवात काही आकाशातून पडलेली नाही. १९५८ पर्यंत ट्रेलचं दक्षिण टोक माउंट ओगलथॉर्पवर होतं. त्या भागात वस्ती आणि पोल्ट्री फार्म वाढत गेले, म्हणून ते उत्तरेला स्प्रिंगरवर आणलं. अर्ल शॅफर हा १९४८ साली पूर्ण ट्रेल एका दमात चालल्याची नोंद असलेला पहिला माणूस. तो ओगलथॉर्पवरूनच निघाला होता. १९५५ साली एमा गेटवूडही तिथूनच निघाल्या. वय ६७, अकरा मुलांची आई, पायात कापडी बूट. एकटीने अख्खी ट्रेल चालणाऱ्या त्या पहिल्या बाई. तेव्हा स्प्रिंगर हा वाटेतला एक डोंगर होता, आणि ओगलथॉर्पकडून येणारी वाट आजच्या निळ्या खुणांच्या रांगेवरूनच यायची. म्हणजे ज्या जमिनीवरची त्यांची पावलं मोजली गेली, तिथलीच माझ्या भाचीची मोजायची नाहीत? ट्रेलची एकूण लांबीसुद्धा वाट इकडेतिकडे वळवली की दरवर्षी थोडी बदलते. यादीसाठी कुठूनतरी शून्य धरावं लागतं, हे मला मान्य आहे. पण त्या शून्याच्या अलीकडे कुणी चाललंच नाही, असं म्हणू नका.

माथ्यावरून मी तिच्यासोबत पार्किंगपर्यंत उतरले. मला न्यायला गाडी तिथेच येणार होती. म्हणजे पांढऱ्या खुणांवर माझं चालणं दीड किलोमीटर, आणि त्या दिवसाचं एकूण साडेपंधरा. मी साडेपंधराच सांगते, सांगत राहणार.

तेवढ्यात एका गाडीतून दोन मुलं उतरली. सॅक नव्या कोऱ्या. त्यांनी विचारलं, सुरुवात कुठे आहे? भाचीने आम्ही आलो त्या वाटेकडे हात केला आणि खणातल्या वहीबद्दल सांगितलं. मग मला एकदा घट्ट मिठी मारून ती रस्ता ओलांडून उत्तरेला गेली. मुलं माथ्याकडे निघाली. मी बूट काढून गाडीत बसले.