शाईच्या डागात कालचा दिवसही उतरतो

“शाईच्या डागात जे दिसते ते थेट नेणिवेतून येते, ताज्या घटनांचा किंवा त्या वेळच्या मनःस्थितीचा त्यावर परिणाम होत नाही, आणि तिथे कुणाला सोंग आणता येत नाही,” अशा आशयाचा मजकूर प्रक्षेपण कसोट्यांविषयी, म्हणजे शाईचे डाग किंवा संदिग्ध चित्रे दाखवून मिळणाऱ्या उत्तरांवरून व्यक्तिमत्त्व जोखणाऱ्या कसोट्यांविषयी, सर्रास पुढे पाठवला जातो. यातील एकेक दावा तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण अशा कसोट्यांच्या आधारे माणसांविषयी गंभीर निष्कर्ष काढले जातात.

ताज्या घटनांचा परिणाम होत नाही, हा पहिला दावा. चित्र पाहून गोष्ट सांगायला लावणारी थिमॅटिक अ‍ॅपरसेप्शन टेस्ट, म्हणजे टीएटी, हेन्‍री मरे आणि क्रिस्टियाना मॉर्गन यांनी 1935 मध्ये मांडली. त्याआधीच, 1933 मध्ये, मरे यांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यांच्या मुलीच्या निमित्ताने घरी जमलेल्या पाच मुलींना अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून कोण किती दुष्ट वाटतो हे विचारण्यात आले. ‘खून’ नावाचा भीतिदायक खेळ खेळून झाल्यावर तेच चेहरे त्यांना अधिक दुष्ट वाटले. पाच ही संख्या फार लहान आहे, आणि केवळ तिच्यावर मी माझे म्हणणे उभे करणार नाही. परंतु कसोटीच्या जनकालाच या परिणामाची जाणीव होती, हे विसरता येत नाही.

अधिक भक्कम पुरावा अ‍ॅटकिन्सन आणि मॅक्लेलंड यांच्या 1948 च्या अभ्यासातून मिळतो. अमेरिकी नौदलातील पुरुषांचे तीन गट केले होते: एका गटाला जेवून सुमारे एक तास झाला होता, दुसऱ्याला चार आणि तिसऱ्याला सोळा तास. प्रयोगाचा भुकेशी संबंध आहे हे त्यांना सांगितलेले नव्हते. त्यांनी चित्रांवरून लिहिलेल्या गोष्टींत, भूक वाढत गेली तसे अन्नाच्या टंचाईचे आणि अन्न मिळवण्याच्या धडपडीचे उल्लेख वाढले. प्रत्यक्ष खाण्याचे उल्लेख मात्र वाढले नाहीत, उलट घटले. म्हणजे त्या दिवशीची शारीरिक अवस्था गोष्टीत उतरते, पण ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ इतक्या सरळपणे उतरत नाही. इच्छा ज्या गोष्टीची, तिची पूर्ती न दिसता तिचा अभाव आणि तिच्यासाठीची खटपट दिसू शकते.

प्रसंग बदलला की हा संबंध पार उलटाही होतो. 1952 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्लार्क यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आधी नग्न स्त्रियांची चित्रे दाखवली. वर्गात बसून लिहिताना त्यांच्या गोष्टींत, अशी चित्रे न पाहिलेल्यांपेक्षा, लैंगिक उल्लेख कमी आढळले. बिअर पिण्याच्या मेळाव्यात तेच उल्लेख वाढले. तेव्हा गोष्टीत एखादा विषय नसणे म्हणजे मनात ती प्रेरणा नसणे, हे अनुमान धोक्याचे आहे. ती प्रेरणा जागी असून संकोचाने दाबलेली असू शकते.

टीएटीचे पहिलेच चित्र घ्या: टेबलावर व्हायोलिन ठेवलेले आहे आणि एक मुलगा त्याच्याकडे पाहत बसला आहे. कालच परीक्षेत नापास झालेल्या मुलीने “याला हे कधीच जमणार नाही” असे म्हटले, तर ते तिच्या स्वभावातील खोल नैराश्य मानायचे, की कालच्या निकालाची जखम? केवळ त्या वाक्यावरून याचे उत्तर देता येत नाही. कालचा दिवस कसा गेला हे परीक्षकाने विचारलेच पाहिजे. ते न विचारता लिहिलेला अहवाल मला त्या मुलीवरचा अन्याय वाटतो.

सोंगाचा दावा तर थोडक्यात निकालात निघतो. शाईच्या डागांची कसोटी तयार करणारे स्विस मनोविकारतज्ज्ञ हर्मन रोर्शाक यांनी 1921 मध्ये प्रसिद्ध केलेली दहा कार्डे आजही तीच वापरली जातात, आणि 2009 पासून ती विकिपीडियावर कुणालाही पाहता येतात; म्हणजे उत्तरे आधीच ठरवून येणे शक्य आहे. टीएटीची गोष्ट तर सांगणाऱ्याला हवी तशी वळवता येते.

यावरून या कसोट्या सरसकट कुचकामी ठरतात, असे मी म्हणत नाही. मिहुरा आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये केलेल्या व्यापक आढाव्यात रोर्शाक कसोटीच्या काही निर्देशांकांना, विशेषतः विचारांतील विस्कळीतपणा दाखवणाऱ्यांना, चांगला आधार मिळाला. इतर अनेकांना फारसा मिळाला नाही.

“खरे व्यक्तिमत्त्व असेल तर उत्तर दर वेळी तेच येते,” अशी पुस्तीही त्या मजकुराला कधीकधी जोडलेली असते. पण उत्तर बदलण्याचे कारण वेगळेही असू शकते: टीएटी पुन्हा देणाऱ्याला बहुधा वाटते की या वेळी नवी गोष्ट सांगायला हवी. विंटर आणि स्ट्युअर्ट यांनी 1977 मध्ये काही जणांना स्पष्ट सांगितले की गोष्ट आधीसारखी झाली की वेगळी, याची काळजी करू नका. एवढ्या एका सूचनेने दोन वेळच्या गोष्टींना दिलेल्या गुणांमधील मेळ लक्षणीय वाढला.