३२६४३ की यूटीएम८४-४३एन? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नकाशांच्या निर्देशांक-प्रणालींच्या कोडबद्दलच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. लेखातला ३२६४३ हा कोड मॅप थ्रीडी या ऑटोडेस्कच्या नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या लिस्पमध्ये, म्हणजे स्क्रिप्टच्या भाषेत, टाकला की फंक्शन निल (काहीच नाही) परत करतं, हा पहिला. आणि वाचकाला शोधाशोध करायला लावण्यापेक्षा महाराष्ट्रासाठीच्या कोडची सरळ यादी द्यायची होती, हा दुसरा. पहिला पूर्ण मान्य. कोड कुठल्या कोशातला आहे हे लेखात लिहायलाच हवं होतं. यादीचं मात्र पटत नाही.

३२६४३ हा ईपीएसजी क्रमांक, म्हणजे निर्देशांक-प्रणालींच्या जागतिक यादीतला. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आणि पायथॉनची पायप्रोज ही लायब्ररी तो ओळखतात. मॅप थ्रीडी आणि सिव्हिल थ्रीडी यांचा कोश वेगळा. तिथे त्याच प्रणालीचं नाव यूटीएम८४-४३एन (यूटीएम म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे करून मीटरमध्ये निर्देशांक देणारी पद्धत, ४३ हा पट्टा), आणि डब्ल्यूजीएस ८४ च्या अक्षांश-रेखांशाचं एलएल८४. लिस्पमधल्या एडीई_प्रोजसेटएसआरसी आणि एडीई_प्रोजसेटडेस्ट यांना ही नावंच लागतात, अवतरणचिन्हांत. कमांड लाइनवर मॅपसीएसलायब्ररी चालवा, यूटीएम आणि ४३ शोधा, वर्णनात डेटम (निर्देशांक ज्या आधारावर मोजले तो) वाचा आणि कोडच्या रकान्यातलं नाव जसंच्या तसं घ्या. वर्डमधून चिकटवलेल्या कोडमध्ये साध्या हायफनच्या जागी लांब डॅश आलेला असतो. दिसायला तोच, पण कोशात सापडत नाही.

मग एका ओळखीच्या बिंदूवर तपासा. पुण्याचा ७३.८५६ पूर्व, १८.५२ उत्तर घ्या. एलएल८४ मध्ये एक्स म्हणजे रेखांश, म्हणून तो आधी. एडीई_प्रोजपीटीफॉरवर्डने ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा) सुमारे ३,७९,२५० मीटर आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचा) सुमारे २०,४८,१०० मीटर यायला हवं. पायप्रोजमध्ये ४३२६ चा, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ अक्षांश-रेखांशाच्या ईपीएसजी क्रमांकाचा, अधिकृत क्रम उलटा आहे, अक्षांश आधी. तिथे ऑलवेज_एक्सवाय ट्रू केलं नाही तर भलतेच आकडे येतात, आणि बहुतेक वेळा एररही येत नाही.

आता यादी. ४३ चा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व, ४४ चा ७८ ते ८४. ही ७८ ची रेषा महाराष्ट्रातूनच जाते. अमरावती शहर ४३ मध्ये, वर्धा आणि नागपूर ४४ मध्ये. यवतमाळ शहर रेषेच्या जेमतेम पलीकडे, म्हणजे ४४ मध्ये, पण जिल्हा दोन्हीकडे पसरलेला. "महाराष्ट्र = ४३" असं यादीत वाचून नागपूरच्या ४४ मधल्या ड्रॉइंगला ४३ चा कोड लावला तर ते बरोबर सहा अंश पश्चिमेला सरकतं. नागपूरचे रस्ते गुजरातेत बारडोलीजवळ उतरतात. निर्देशांक दिसायला अगदी रास्त असतात, म्हणून पुढच्या माणसाच्याही लक्षात येत नाही. मला सगळ्यात धास्ती असते ती या चुकीची.

शिवाय जुनी टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचे छापील नकाशे) एव्हरेस्ट लंबगोलावरची, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावरची असतात. यूटीएम ४३ चंच कलियाणपूर १९७५ या एव्हरेस्टवर आधारलेल्या डेटमवरचं रूप ईपीएसजीत २४३४३ आहे. ते सोडून ३२६४३ वापरलंत तर पश्चिम महाराष्ट्रात शंभर मीटरहून जास्त सरक येते. सर्व्हेच्या कामात हे चालणारच नाही. पट्टा आणि डेटम दोन्ही कागदाच्या समासातल्या मजकुरावरून ठरवायचे. तिथे एव्हरेस्ट लिहिलं असेल तर आधी त्याच डेटमचा कोड, रूपांतर नंतर.

तुमच्या स्क्रिप्टबद्दल एक. तुम्ही पाठवलेल्या ओळींत फक्त एडीई_प्रोजसेटडब्ल्यूएसकोड आहे. त्याने चालू ड्रॉइंगला कोड लागतो, रेषा जागच्या हलत नाहीत. रेषा हलवायच्या तर मूळ ड्रॉइंगला त्याचा खरा कोड लावून ते सेव्ह करा. मग नवं कोरं ड्रॉइंग उघडून त्याला हवा तो कोड द्या, मूळ ड्रॉइंग अटॅच करा आणि क्वेरीने ओढून घ्या. रूपांतर त्या क्वेरीत होतं. झाल्यावर वरचा बिंदू किंवा तुमच्या हद्दीतला एखादा कंट्रोल पॉइंट (अचूक निर्देशांक माहीत असलेला बिंदू) पुन्हा पडताळून पाहा.