मोडलेले कान

2025 मध्ये देवस्थान समितीनं अंबाबाईच्या आणि जोतिबाच्या दर्शनाला अंगभर कपडे घालून यावं असं सांगितलं, आणि आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटला. देवळाचा नियम देवळानं करावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. खटकलं ते पुढचं: तोकडे कपडे घालणाऱ्या पोरीला संस्कारच नाहीत, हा निकाल. तिचं नाव-गाव ठाऊक नसताना दिलेला.

असा निकाल किती झटकन लागतो, ते प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विलिस आणि तोदोरोव्ह यांनी 2006 मध्ये दाखवलं. अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी माणूस भरवशाचा आहे की नाही, हे लोक ठरवून मोकळे होतात. आणखी वेळ दिला तरी मत फारसं बदलत नाही, फक्त त्याबद्दलची खात्री वाढते. मला ही खात्रीच जास्त घातक वाटते.

पण ही नजर जन्मजात नाही. माझा चुलतभाऊ शिवाजी पेठेतल्या तालमीत वाढला. पैलवानाचे असतात तसे त्याचे कान मोडलेले. घासून-दाबून आत रक्त साकळतं आणि कान गाठीसारखा घट्ट होतो. कोल्हापुरात ते कान बघून लोक 'या पैलवान' म्हणत खुर्ची पुढं करतात. मुंबईत नोकरीच्या मुलाखतीत त्याला पहिला प्रश्न आला, मारामाऱ्या करता का? आणि इंग्लंडमध्ये लीड्सला माझ्याकडे आला तेव्हा बसथांब्यावरच्या एका आजोबांनी आपुलकीनं विचारलं, रग्बी कुणाकडून खेळतोस? लीड्सच्या भागात, यॉर्कशायरमध्ये, रग्बीवाल्यांचे कान असेच असतात. बघणाऱ्याच्या गावात कुठला खेळ चालतो, एवढ्यावरच तो एकीकडे गुंड ठरला आणि दुसरीकडे आपला माणूस.

इंग्लंड शहाणं आहे असं अजिबात नाही. लोकसंख्येच्या मानानं बघितलं तर रस्त्यात अडवून झडती घेताना इथले पोलीस काळ्या माणसांना गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त थांबवतात. पण नोकरीच्या अर्जाला इथं सहसा फोटो लावत नाहीत, वय लिहीत नाहीत. चेहरा गंभीरपणे विद्रूप झालेल्या माणसाला 2010 च्या समानता कायद्याचं संरक्षण आहे. लोकांची नजर सुधारेल तेव्हा सुधारेल, तोवर सगळा निकाल तिच्या हाती ठेवलेला नाही.

कोल्हापूरला हे नवं नाही. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळेंना हॉटेल काढायला मदत केली. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला लोक कचरतात म्हटल्यावर स्वतः तिथं थांबून सगळ्यांदेखत चहा घेतला. 1902 मध्ये संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. मनं बदलण्याची वाट बघत ते बसले नाहीत.

म्हणून शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांना, शहरातल्या बँकांना आणि शिक्षणसंस्थांना माझं सांगणं आहे: अर्जावरचा फोटोचा चौकोन काढा. मुलाखतीचे प्रश्न आधी लिहून ठेवा आणि सगळ्यांना तेच विचारा. आमच्या घरी पुतणीचा लग्नाचा बायोडाटा तयार होतोय. त्यातला रंगाचा रकाना काढा, असं मी वहिनींना सांगितलं, आणि त्यांनी तो काढला.