लॉगच तर आहे, उडवा की ओ!

डेटाबेसच्या लॉग फायली (सर्व्हर स्वतःच्या कामाच्या नोंदी ज्यात लिहीत जातो त्या) कशा सांभाळायच्या हे मला लै जण विचारतात. म्हणजे विचारत कुणीच नाही, आधी सगळं करून मोकळे होतात अन् मग रात्री दोनला फोन लावतात. म्हणून म्हणलं एकदाचं लिहूनच टाकावं, पुढच्या बारीला तुमची मोडतोड जरा पद्धतशीर तरी होईल.

सगळ्यात आधी लॉग साफ करायची स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची फाईल. ती स्वतः लिहायची नाही. कुठूनतरी उचलायची, फोल्डरचं नाव बदलायचं, हातानं एकदा चालवायची, चालली की क्रॉनमधी (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम) टाकून विसरून जायचं. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीतल्या, ओळीत तारखेसाठी टक्क्याचं चिन्ह असलं अन् त्याच्या आधी उलटा स्लॅश नसला तर क्रॉन ओळ तिथंच तोडतो, हे माहीत करून घ्यायच्या भानगडीत पडू नका. हातानं चालती ना? बास. ती रोज रात्री बाराला उठती, टक्क्याला अडखळून पडती अन् परत झोपती. तुम्हीपण झोपा.

फेल झाल्याचा मेल? तो त्या पोराच्या आयडीवर लावा जे दोन वर्षांखाली नोकरी सोडून हिंजवडीला गेलं.

डिस्क भरली की मोठ्यातली मोठी लॉग फाईल हुडकायची अन् डेटाबेस चालू असतानाच उडवायची. फाईल दिसायची बंद होते, जागा मात्र एक एमबीनं वाढत नाही, कारण ज्या प्रोसेसनं (चालू प्रोग्रामनं) ती उघडून धरलीय ती सोडीपर्यंत लिनक्स, म्हणजे सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम, जागा परत देत नाही. फाईल तशीच ठेवून आतून रिकामी केली असती तर भागलं असतं, लॉगरोटेट ह्या लॉग सांभाळणाऱ्या प्रोग्राममधलं कॉपीट्रंकेट त्याच्यासाठीच आहे, पण मग "फाईल तर गेली, जागा कुठं गेली" म्हणून अर्धा दिवस चहा पीत चर्चा कशी झाली असती?

कॉम्प्रेस करायचं तर शंभर टक्के भरलेल्या डिस्कवरच करा. जिझिप हा कॉम्प्रेस करणारा प्रोग्राम आधी नवी फाईल लिहितो अन् जुनी शेवटी काढतो, जागेचं त्याचं तो बघून घेईल.

एसक्यूएल सर्व्हर ह्या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवाल्यांनी रिकव्हरी मॉडेल फुल ठेवायचं (म्हणजे लॉगचा बॅकअप होईपर्यंत तो सगळ्या नोंदी धरून बसतो), लॉगचा बॅकअप कधीच घ्यायचा नाही, अन् सहा जीबीच्या डेटाला दीडशे जीबीची एलडीएफ (लॉगची फाईल) झाली की श्रिंक मारून, म्हणजे ती आवळून, जेवायला जायचं. रोज फुल बॅकअप होतो म्हणजे लॉग रिकामा होतो, असं छातीठोक सांगायचं. होत नाही. तरी सांगायचं.

आता मेन सल्ला. नावात 'लॉग' दिसलं की तो कचरा.

ह्या सल्ल्याचा प्रयोग मागच्या डिसेंबरात आमच्याकडच्या एका साखर कारखान्यावर झाला, त्याचा खर्च मी माझ्या झोपेतून भरलाय. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस डेटाबेसवर, ते पण आवृत्ती ९.६, ज्याचा सपोर्ट नोव्हेंबर २०२१ मधीच संपलाय (बदला म्हणून तीनदा लिहून दिलंय, तिन्ही पत्रं फायलीला लागलीत, छान पंच मारून). रात्री दोनला फोन. "सर, काटा बंद पडलाय. ट्रॉल्या पार रोडपर्यंत लागल्यात, लोक अंगावर यायलेत." म्हणलं झालं काय? "डिस्क फुल झालती, मी लॉग उडवले, तरी सुरूच होईना." कोणते लॉग? "ते पीजी-एक्सलॉग म्हणून होतं की ओ, दोनशे जीबीचं."

मी अंथरुणात उठून बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तो पीजी-एक्सलॉग फोल्डर म्हणजे डेटाबेसची किर्द आहे. दुकानदार आधी किर्दीत लिहितो अन् मग खतावणीत चढवतो, तसं डेटाबेस प्रत्येक व्यवहार आधी तिथं लिहितो अन् मग सावकाश टेबलात नेऊन ठेवतो. लाईट गेली, मशीन बंद पडली, तर परत उभं राहायला त्याला हीच वही लागते. ह्या नावाला फसून जगभर इतक्या लोकांनी तो फोल्डर उडवला की पोस्टग्रेसवाल्यांनी शेवटी ऑक्टोबर २०१७ मधी आवृत्ती १० काढताना त्याचं नावच बदलून पीजी-वॉल केलं. म्हणजे हे दुखणं एकट्या आमच्या काट्याचं नाही. पण आमच्याकडं ९.६, आमच्याकडं नाव जुनंच.

अन् दोनशे जीबी साठले कशानं, ते तर ऐकाच. ह्या फायली कॉपी करून ठेवायला मी एक बाहेरची हार्डडिस्क लावून दिली होती. दर पाच मिनिटाला एक फाईल, आत चार ओळी असल्या तरी पुरी १६ एमबीची, दिवसाला २८८ म्हणजे साडेचार जीबी. कॉपी झाली की पोस्टग्रेस मूळची फाईल आपोआप काढतो किंवा परत वापरतो, कुणाला काही करावं लागत नाही. ऑक्टोबरात बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं, त्याचा व्हिडिओ लॅपटॉपवर मावना, म्हणून एका साहेबानं ती हार्डडिस्क उपसून नेली. नेली ती नेलीच. कॉपी फेल व्हायला लागली. पोस्टग्रेस बिचारा इमानदार, कॉपी झाल्याशिवाय फाईल सोडत नाही, पंचेचाळीस दिवस धरून बसला. सर्व्हरच्या लॉगमधी "आर्काइव्ह कमांड फेल" ही एकच ओळ इतक्या वेळा आलीय की मी बोटानं खाली सरकवत गेलो, सरकवत गेलो, ओळ काही बदलंना. कुणी एकदा बघितली असती! आणि मेल कुठं जात होता ते वर सांगितलंच आहे.

त्याच डिस्कवर दसऱ्याचा चाळीस जीबीचा डंप (सगळ्या डेटाची काढून ठेवलेली प्रत) पडला होता. तेवढा दुसरीकडं हलवून हार्डडिस्क परत लावली असती, अन् पोस्टग्रेस सुरू केला असता तर सगळं आपोआप निस्तरलं असतं. अर्धा तास. त्याऐवजी काय झालं, तर चेकपॉइंटची (कुठपर्यंतचं टेबलात चढलंय त्याची) नोंदच सापडंना, डेटाबेस उठंना, शेवटी रिसेट मारून, म्हणजे ती वही जबरदस्तीनं कोरी करून, जे हाती लागलं त्याचा डंप काढून नव्यात चढवला. मधल्या काही नोंदी गेल्या. मग काटा-पावत्यांच्या कार्बन कॉप्या. डॉट मॅट्रिक्सची रिबन वाळलेली, तीन आहे का आठ ते उजेडाला धरून बघावं लागायचं. चिटबॉय (कारखान्याचा चिठ्ठ्या लिहिणारा माणूस) वाचायचा, गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, मी टाईप करायचो, अन् दर दहा मिनिटाला दारातून एक डोकं आत यायचं, "सर, अजून किती वेळ?" तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उरकलं. एका ट्रॉलीचं रिकामं वजन भरलेल्यापेक्षा जास्त निघालं, ते पण पकडलं.

बॅकअप? घ्या की. फक्त परत लावून बघू नका, त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. गिटलॅबसारख्या, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या, कंपनीचं ३१ जानेवारी २०१७ ला हेच झालं, चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा उडवला अन् मग कळलं की रोजचा बॅकअप, तो घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नसल्यानं, होतच नव्हता, अन् तो फेल झाल्याचे मेल पण पोचत नव्हते. तेवढ्या मोठ्या लोकांचं झालं म्हणल्यावर आपण कशाला लाजायचं.

अन् लॉग १८० दिवस जपून ठेवा असं सर्ट-इननं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेनं, २८ एप्रिल २०२२ ला काढलंय, ते वाचू नका, कशाला ताण घेता.

जाऊ द्या. चेष्टा बास. माझं डोकं त्या काट्यावरच्या पोरावर फिरलं नाही. बारा हजारात रात्रपाळी करतंय ते, त्याला कुणी काही शिकवलं नाही अन् समोर चाळीस ट्रॉल्यावाले शिव्या देत उभे, त्यानं दुसरं काय करावं? माझं डोकं फिरलं ते दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या शर्टात येऊन "तुमचं सॉफ्टवेअर कसं काय बंद पडलं" म्हणणाऱ्या तुम्हा कारखान्याच्या साहेबांवर. अग्निप्रदीपनाला मांडव घालायला, फेटे बांधायला पैसे आहेत, अन् पाच-सात हजाराची दुसरी हार्डडिस्क मागितली की "पुढच्या मीटिंगला बघू". एएमसीचे (वार्षिक देखभालीचे) पैसे जूनपासून अडकलेत ते अडकलेत. शेतकऱ्यानं वर्षभर राबून आणलेला ऊस त्या आकड्यात असतो, एक नोंद गेली की त्याचं बिल जातं, अन् तुम्हाला तो कचरा वाटतो? दिवसातून एकदा डिस्क किती भरली ते बघा. मेल जिथं कुणीतरी वाचतं तिथं लावा. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून बघा. त्या पोराला एक दिवस माझ्याजवळ बसू द्या, मी फुकट शिकवतो. अन् त्या सर्व्हरवरचं काहीही उडवायच्या, उपसायच्या आधी मला फोन करा. रात्री दोनला केलात तसाच करा, पण आधी करा.