लिनक्स शेजारी टाकल्याने विंडोजच्या फायली उडत नाहीत

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. जुन्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात चौकशी करा, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, हमखास ऐकायला मिळतं: ‘दोन्ही एकत्र ठेवलंत तर लिनक्स विंडोजची डिस्क बिघडवतं, फायली नुसत्या वाचता येतात.’

हे अर्धवट आहे. एनटीएफएसवर, म्हणजे विंडोज ज्या रचनेत डिस्कवर फायली ठेवतं तिच्यावर, लिनक्सला लिहिताही येतं, २०२१च्या ५.१५ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) तसा नवा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. घोळ घालतं ते विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’. शट डाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्स तो ड्राइव्ह ‘रीड-ओन्ली’ उघडतं किंवा उघडतच नाही. हा बिघाड नव्हे, खबरदारी आहे (आणि शहाणपणाची). पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा. घाई असेल तर शट डाउनऐवजी रीस्टार्ट करून लिनक्समध्ये शिरा. तो ड्राइव्ह जबरदस्तीने माउंट मात्र करू नका, म्हणजे उघडू नका, फायली जातात त्या तिथेच.

उलट बाजूने अडचण खरी आहे: लिनक्सची नेहमीची रचना ईएक्सटी४, ती विंडोजला मुळात वाचता येत नाही. ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विंडोजने विचारलं तर ‘हो’ म्हणू नका, सगळं पुसलं जाईल! सामायिक फायलींना एनटीएफएस किंवा एक्सफॅट रचनेचं वेगळं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) बरं. फॅट३२ या जुन्या रचनेत ४ जीबीची फाइलही मावत नाही.