पाण्याशिवाय पोहणं? पिस्तुलाच्या कोरड्या सरावाबद्दल

नेमबाजी शिकणाऱ्या पोरांच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर उन्हाळ्यापासून फिरतोय. नागपुरातल्याच चार जणांनी तो मला पाठवला. त्यातला एक माझा मोठा भाऊ. खाली शेरा: "हे वाच, तू पोट्ट्यांना भलतंच शिकवून राहिला." मजकूर थोडक्यात असा: छर्रा न उडवता घरी केलेला सराव म्हणजे पाण्याशिवाय पोहणं. त्याने काही कळत नाही, पिस्तूल खराब होतं, सवयी बिघडतात, शिवाय घरात पिस्तूल काढणं बेकायदा. ऑलिंपिकवाले रोज शेकड्याने छर्रे उडवतात, म्हणून रेंजचे, म्हणजे नेमबाजीच्या हॉलमधले तास वाढवा.

पॅरिसला 2024 मध्ये मनू भाकरने दोन ब्राँझ जिंकल्यापासून 10 मीटर एअर पिस्तूलकडे पोरं वळली, त्यामुळे असे मजकूर वाचणारेही वाढले. तेव्हा भावाला दिलेलं उत्तर इथेच लिहून टाकतो.

"छर्रा कुठे गेला तेच दिसत नाही, मग सुधारणार काय?" हा त्यातला सगळ्यात पटणारा मुद्दा, आणि सगळ्यात चुकीचाही. पिस्तुलावर नेम धरायला पुढे एक आणि मागे एक साइट असते, दोघींमध्ये साधारण 30 ते 32 सेंटिमीटर अंतर असतं. पुढची साइट मागच्या खाचेत 1 मिलिमीटर जरी सरकली, तरी 10 मीटरवर छर्रा 3 सेंटिमीटरहून जास्त लांब पडतो. दहा गुणांचा शॉट थेट सातवर, कधी सहावर. उलट पिस्तूल न वळता अख्खा हात समांतर 1 मिलिमीटर हलला, तर छर्राही तेवढाच हलतो. दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, त्यामुळे एवढ्याने दहा जात नाही. म्हणजे पोरगं ज्या हात हलण्याला घाबरतं तो गुन्हेगार नव्हेच. ट्रिगर सुटायच्या क्षणी बोटाने दिलेला झटका साइट वाकडी करतो, आणि तो बघायला टार्गेट लागत नाही. पांढरी भिंत लागते.

रेंजवर हा झटका लपतो. आवाज होतो, मनगट किंचित हलतं आणि नजर लगेच स्क्रीनवरच्या आकड्याकडे पळते. वाईट सुटलेला शॉटही नशिबाने 10.3 दाखवतो, पोरगं खूश, बापही खूश. त्या आकड्याने चुकीच्या बोटाला शाबासकी दिली हे कोणाच्या लक्षात येत नाही. भिंतीसमोर ट्रिगर सुटल्यावर साइट तिथेच राहिली की उडाली, एवढंच दिसतं. एअर पिस्तुलाचा ट्रिगर नियमाप्रमाणे किमान 500 ग्रॅमचा, आणि हातातलं पिस्तूल साधारण किलोभराचं. एका हाताने ते धरून अर्धा किलो वजन बोटाने सावकाश मागे आणायचं आणि बाकी हात जागचा हलू द्यायचा नाही. हे शेकडो वेळा करावं लागतं, आणि त्यातल्या प्रत्येक वेळी छर्रा खर्चायची गरज नसते.

"पिस्तूल खराब होतं." इथे मजकूर अर्धा बरोबर आहे, आणि हा अर्धा भाग नीट समजून घ्या. स्प्रिंगवाली स्वस्त एअरगन असेल तर रिकामी कधीच चालवू नका. छर्ऱ्यामुळे नळीत हवा दाबली जाते आणि पिस्टनला उशी मिळते. छर्रा नसला की पिस्टन जाऊन धाडकन आपटतो, सील आणि स्प्रिंग दोन्ही जातात. काडतुसाच्या .22 पिस्तुलाचंही जपून. त्याच्या काडतुसाची दारू काठात असते, म्हणून फायरिंग पिन काठावर मारते. चेंबर रिकामं असेल तर ती धातूच्या कडेवर बसते, कड चेपते आणि पिनही बोथट होते. त्यात नकली काडतूस घालून सराव करतात. पण स्पर्धेच्या एअर पिस्तुलांत ड्राय फायरची, म्हणजे रिकामं चालवायची सोय कंपनीच देते. कळ फिरवली की ट्रिगर तसाच सुटतो, सिलिंडरमधली हवा जात नाही. बनवणाऱ्यानेच जी सोय दिली तिने पिस्तूल बिघडतं म्हणणं म्हणजे न्यूट्रल गिअर टाकल्याने गाडी बिघडते म्हणण्यासारखं.

"सवयी बिघडतात." कंटाळून केलं तर बिघडतातच, रेंजवरही बिघडतात. 25 मीटरच्या रॅपिडमध्ये, म्हणजे भराभर शॉट मारायच्या फेरीत, धक्का बसल्यावर हात परत खाली आणणं घरी शिकता येत नाही, हे कबूल. बाकी खरी परीक्षा हवी असेल तर कोचला सांगा: छर्रा घातला की नाही ते पोराला न कळवता पिस्तूल हातात द्या. रिकामं निघालं आणि नळीने खाली मान घातली, की कोणाची सवय कुठे बिघडली ते सगळ्यांसमोर येतं.

ऑलिंपिकवाल्या मुद्द्यावर आकडेच बोलतात. पात्रता फेरीत 60 शॉट आणि वेळ 75 मिनिटं. सरासरी सव्वा मिनिटाला एक. त्या वेळात चांगला नेमबाज कितीदा हात उचलतो आणि काही न उडवता खाली ठेवतो, ते एकदा मोजा. मन म्हणतं "आता नको", आणि तो शॉट सोडून देतो. हे सोडून देणं शेकड्याने छर्रे उडवून येत नाही.

कायद्याचं म्हणाल तर 4.5 मिलिमीटरच्या, 20 जूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. स्पर्धेचं पिस्तूल साधारण 6 जूलचं. .22 ला परवाना लागतो आणि त्याच्या अटीही. लग्नात हवेत बार काढणाऱ्यांसाठी शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड आहे. मजकूर लिहिणाऱ्याने बहुतेक हे सगळं एकाच पातेल्यात शिजवलं.

धोक्याचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. "रिकामंच आहे" म्हणत झालेले अपघात सगळीकडचे सारखेच असतात. छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत, नळी उघडून स्वतः बघायची, समोर पक्की भिंत, दाराला कडी. आणि पडदा. त्रिमूर्तीनगरला राहत होतो तेव्हा मी पडदा ओढायचा विसरलो. समोरच्या काकूंनी खिडकीतून पिस्तूल रोखलेला माणूस बघितला आणि गल्ली गोळा केली. समजावता समजावता दोनदा चहा झाला.

राहिला प्रश्न 10 मीटरच्या हॉलचा. तो कोणाकडेच नसतो. अंतर निम्मं तर टार्गेटही निम्मं: 59.5 मिलिमीटरचा काळा गोळा 5 मीटरवर 30 चा छापा. उंचीही बदलते. रेंजवर मध्यबिंदू 1.4 मीटरवर असतो. तुमचा डोळा 1.6 वर असेल तर 5 मीटरवरचा कागद 1.5 वर चिकटवा, म्हणजे हाताचा कोन तोच राहील. मे महिन्यात कूलर बंद ठेवावा लागतो, नाहीतर कागद फडफडतो. त्यामुळे आमच्याकडे सराव वीस मिनिटांच्या पुढे जात नाही. घरातलं कोणीतरी येऊन बटण दाबतंच.