पाचशे रुपयांचा गुडघा

आज गिरणाकाठच्या एका गावच्या यात्रेत कुस्त्या बघून आलोय. डोकं अजून तापलेलं आहे. कोणाला लागलं तर लागू द्या.

सतरा वर्षांचं पोरगं. पाच दिवसांत तिसरी दंगल. गुडघ्याला क्रेप बँडेज, त्यावर मातीचा थर. बाप आखाड्याच्या कडेला उभा राहून पंचांना म्हणतोय, "अजून एक जोड लावा." इनाम पाचशे रुपये.

कुस्ती झाल्यावर पोरगं हलगीवाल्यांच्या मागे जाऊन बसलं. बँडेज सोडलं तर सुजेत वाटी दिसेना. खाली बघतच म्हणालं, "काका, आते नको वाटस माले."

नको वाटणारच! आपण लगेच म्हणतो, पोरगं आळशावलं. अरे, सकाळी अंथरुणातच त्याची नाडी मोजा. रोजची साठ असेल आणि दोन-तीन दिवस सत्तरवर राहिली, भूक गेली, झोप मोडायला लागली, की लढत बंद. चालणं, मालिश, झोप. हे वहीत टिपायला हवं. आपल्या तालमींच्या वहीत फक्त बदामाचा हिशेब.

मेहनतीचंही तेच. जोरकस लढती आठवड्यात तीन दिवस पुरे, मधल्या दिवशी डावांची घोटाई, एक दिवस पूर्ण सुट्टी. तीन आठवडे मेहनत चढवायची, चौथ्यात निम्म्यावर आणायची; हजार बैठका असतील तर पाचशे. अंग भरतं ते तेव्हा. मोठ्या स्पर्धेआधी आठ-दहा दिवस मेहनत कमी, पण झटका, म्हणजे डावातला वेग आणि जोर, तोच. झटकाही कमी केला तर मॅटवर पाय जड पडतात.

आणि हा वैशाख! सरावाआधी आणि नंतर लंगोटावर वजन करा. घटलेल्या प्रत्येक किलोमागे साधारण दीड लिटर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, दोन-तीन तासांत घोटाघोटानं. एकदम लोटा रिचवायचा नाही.

मान्य, पाचशे रुपयांत दुधाचे चार दिवस निघतात. कोणाची चूल मी चालवत नाही. पण पिळा पडून दोन-चार तासांत फुगलेल्या गुडघ्यात रक्त साचलेलं असू शकतं. बँडेज सूज झाकतं, सांधा धरत नाही. लिगामेंटचं, म्हणजे सांधा बांधून धरणाऱ्या पट्ट्याचं, ऑपरेशन झालं तर नऊ महिने तरी गेले. पाचशेला!

चाळीसगाव तालुक्याच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५, २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी मारला, त्याचे फ्लेक्स आपण लावतो. तीन वर्षं अंग टिकवायला काय लागतं, ते कोणी विचारत नाही.

त्या पोराला इनामाशिवाय मोजायला दुसरं काही दिलंच नाही ना आपण. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. पाचव्या मिनिटाला पोरांचे हात खाली येतात आणि पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, सुटतो. शेवटच्या मिनिटात किती गुण गेले, एवढंच महिनाभर लिहा. आकडा उतरायला लागला की हरलेलं पोरगंही पहाटे पाचला दाराशी उभं असतं.

बाप वाईट नाही हो. पोराचे पाय त्यानंच धुतले, स्वतःच्या गमछ्यानं पुसले. मग पाचशेची नोट माझ्यापुढे धरून विचारलं, "भाऊ, इतक्यात एक्स-रे होई जाई का?"

एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, हे सांगायला माझी जीभ उचलली नाही.